शनिवारचं पोट

राव सरांची शोकसभा. शनिवार, चौदा जून. सकाळी अकरा. जागा: तळमजल्यावरची सोनोग्राफीची लॅब, कारण वरचं सभागृह नव्या प्रवेशांसाठी आधीच दिलेलं होतं. हजर: विभागप्रमुख डॉक्टर, मी (विभागाची समन्वयक), दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं, सगळी उभी, कारण खुर्च्याही वर गेल्या होत्या, लॅबची झाडलोट करणारी महादेवम्मा, नुकतीच पास झालेली नागरत्ना, हुणसूरहून पहिल्या बसने आलेली, आणि राव सरांची थोरली बहीण तुळसाक्का, खुर्ची मिळालेली एकटीच. गैरहजर: वरच्या मजल्यावरचे सगळे. त्यांनी हार पाठवला होता.

सरांचा फोटो कुठे ठेवायचा, हा प्रश्न आला. लॅबमध्ये टेबल नाही. मशीन आहे, स्टूल आहे आणि मधोमध तपासणीचा पलंग आहे. महादेवम्माने फोटो पलंगावर उशीला टेकवून ठेवला आणि लगेच उचलला. मग तो शेवटपर्यंत तिच्या हातातच राहिला.

विभागप्रमुखांनी पाच मिनिटं भाषण केलं. "राव सरांनी या विभागाला तन दिलं, मन दिलं," असं ते म्हणाले. "तन" या शब्दाला नागरत्ना दार उघडून बाहेर गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं.

राव सर या मुलांना अर्थशास्त्र शिकवायचे. सोनोग्राफीच्या मुलांना अर्थशास्त्र कशाला, असं पालक दर वर्षी विचारतात. अभ्यासक्रमात आरोग्याच्या अर्थशास्त्राचा एक पेपर आहे, एवढंच उत्तर माझ्याकडे असतं. तो शिकवायला कायमचा माणूस नेमणं विद्यापीठाला परवडत नाही, म्हणून गावातल्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले राव सर तासांवर यायचे. अंगाने काटकुळे, शर्ट नेहमी पांढरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. घराणं मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत कापड रंगवायचे, छापायचे. आता भाऊबंदांत कुणी मोबाइल विकतं, कुणी बँकेत आहे. मैसुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरात मराठी बोलायचे, पण पहिले काही महिने मला त्यातली निम्मी कळायची नाही. वाक्य मराठीत निघायचं, वाटेत कन्नडमध्ये उतरायचं आणि परत मराठीत येऊन थांबायचं.

मी साताऱ्याची. हे त्यांना मी अनेकदा सांगितलं. त्यांच्या लेखी महाराष्ट्रातून आलेलं प्रत्येक माणूस पुण्याचं.

"पुण्याच्या बाई, तुमची मराठी म्हंजे इस्त्री केलेली. आमची अंगावर वाळवलेली. फरक अष्टे, एवढाच."

खिशात एक पांढरा रुमाल असायचा, नाक पुसायला नव्हे. रंगाऱ्याच्या घरातली सवय. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे बघायचं तर पांढऱ्या फडक्याचं टोक ओलं करून घासायचं. वर्गात एखादी मुलगी नवी ओढणी घेऊन आली की सर पाण्याच्या बाटलीत रुमालाचं टोक बुडवायचे. "बघू?" मुली हसत ओढणीचं टोक पुढे करायच्या. रुमाल गुलाबी झाला की सर तो वर धरायचे. "दुकानदार काय सांगटला? ग्यारंटी! दुकानदाराला माहिती है, तुला माहिती नै. जो विकतो त्याला ठाऊक, जो घेतो त्याला नाही. बाजारातले निम्मे घोटाळे हे एवढेच हैत. लिहून घ्या." मुलं लिहून घ्यायची. तेवढा एक प्रश्न सगळ्यांचा बरोबर यायचा.

पुढे कुणी काहीही मोठं बोललं की ते दोन बोटांनी खिसा चाचपायचे. ते चाचपणं विभागात सगळ्यांना माहीत झालं होतं. विभागप्रमुखांनाही.

वेळापत्रक मी करते. तासांवर येणाऱ्यांना उरलेसुरले तास मिळतात. सरांना मी शनिवारी दुपारचा दिला. शनिवारी सकाळी मुलांचं प्रॅक्टिकल असतं आणि दुपारी अर्धा वर्ग आपापल्या गावाला पळतो. सकाळी प्रॅक्टिकलला उपाशी पोट मिळवण्यातच वेळ जातो, म्हणून दुपार, असं त्यांना सांगितलं; सर भांडतील म्हणून पुढचं उत्तरही तयार ठेवलं होतं.

"चालेल," ते म्हणाले. "शनिवारी माझा उपास. जेवायची भानगड नै, लवकरच येतो."

शनिवारचा तिम्मप्पाचा, म्हणजे तिरुपतीच्या बालाजीचा, उपास इकडे घरोघर असतो. मी पुढे विचारलं नाही.

लवकर आले ते लॅबमध्ये डोकावले. तिथे गोंधळ चालू होता. सोनोग्राफी शिकायची तर मुलांना जिवंत पोट लागतं आणि ते उपाशी लागतं. खाल्लं की पित्ताशय आकसतं, आतड्यात वारा धरतो आणि पडद्यावर नुसतं धुकं दिसतं. मुली मुलांसमोर झोपायला तयार नसायच्या. मुलं तयार असायची, पण होस्टेलची इडली-वडा चापून यायची. त्या दिवशीचा मुलगा तर वर मसाला डोसाही खाऊन आला होता आणि शपथेवर नाही म्हणत होता.

सरांनी शर्ट काढला, घडी घालून स्टुलावर ठेवला आणि पलंगावर आडवे झाले.

"घ्या. सार्वजनिक मालमत्ता."

त्या दिवसापासून शनिवार सकाळचं पोट सरांचं. चरबी नाही, वारा नाही, श्वास धरा म्हटलं की धरायचे. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, सगळं पुस्तकातल्यासारखं दिसायचं. पुढच्या साऱ्या बॅचेस त्यांच्यावर शिकल्या. गार जेल पोटावर पडलं की "अय्यो, चामुंडी!" म्हणून ओरडायचे आणि मग झोपूनच शिकवायला लागायचे.

"हा कितवा बघतोय माझं यकृत? चौथा. पहिल्याच्या वाट्याचं काही कमी झालं? नै. मत्ते, मग पाचव्याला नको म्हणायचं कारण है का? नै. ह्याला म्हणायचं सार्वजनिक वस्तू. रस्त्यावरचा दिवा आणि राव सरांचं यकृत."

"सर, हलू नका."

"बरं बाई. परीक्षेत यकृत लिहू नका फक्त. दिवा लिवा."

मुलांना काय करायचं नाही तेही तेच सांगायचे. "बघायचं, मोजायचं, डॉक्टरांना दाखवायचं. पेशंटला नाव सांगायचं नै. तुमच्या तोंडून रोगाचं नाव आलं तर नोकरी जाईल." हे त्यांना पसंत होतं असं नाही. पण कायदा तसा आहे तर तसाच शिकवायचा, यात ते पक्के होते.

आता पालकांच्या दिवसाबद्दल. दर वर्षी प्रवेशाच्या आधी पालकांना बोलावतात. मोठा पडदा, परदेशी हॉस्पिटलांची चित्रं, कॉफी. त्या वर्षी हुणसूरकडून एक गृहस्थ आले होते. बसस्टँडजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान, सोबत मुलगी. ती नागरत्ना. त्यांनी उभं राहून कन्नडमध्ये साधा प्रश्न विचारला: "हे शिकल्यावर माझी मुलगी हुणसुरात स्वतः स्कॅनिंग करू शकेल ना? गावात बायकांना स्कॅनसाठी मैसूरला यावं लागतं."

व्यासपीठावरून उत्तर आलं, जगभर या पदवीला मागणी आहे, भविष्य उज्ज्वल आहे.

गृहस्थांनी मान डोलावली आणि बसले. शेवटच्या रांगेत सर बसले होते. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं, कॉफीसाठी आले होते. त्यांनी खिसा चाचपला आणि उभे राहिले.

"नाही करू शकणार," ते कन्नडमध्ये म्हणाले. "आपल्या देशात मशीन डॉक्टरच्या नावावर, तपासणी डॉक्टरची, सही डॉक्टरची. पोटातल्या मुली मारतात म्हणून कायदा कडक केला, तो बरोबरच केला. पण ह्या मुलांना त्यात जागा ठेवली नाही. तुमची मुलगी शेजारी उभी राहील, हात तिचे चालतील, नाव दुसऱ्याचं असेल. परदेशात जायचं तर वेगळी परीक्षा. हे माहीत असून पाठवत असाल तर पाठवा. मी चांगलं शिकवतो."

दोन कुटुंबं कॉफी न घेता निघून गेली. नागरत्नाचे वडीलही उठले. मुलगी उठली नाही. "अप्पा, इथे एक माणूस तरी खरं सांगतोय," ती म्हणाली. "मी इथेच शिकते."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी सरांना बोलावलं. मी वेळापत्रक घेऊन तिथेच उभी होते.

"राव सर, तुम्ही मागणी शिकवता. ती कमी करायचं काम तुम्हाला कुणी दिलं?"

"मागणी कमी केली नै सार. कच्चा रंग होता, तो उतरला."

"या मुलांनी प्रवेश घेतला नाही तर तुमचा तासही राहणार नाही."

"हौदु, खरंय. राहू नये."

मग ते माझ्या खोलीत आले आणि एक वाक्य लिहून दिलं. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत, मोठ्या टाइपात: 'या पदवीमुळे भारतात स्वतंत्रपणे सोनोग्राफी करण्याचा किंवा निदान सांगण्याचा अधिकार मिळत नाही.' बस. त्यांना आणखी काही नको होतं. पगारवाढ नको, कायमची जागा नको. "बाई, पोरांना खर्च कळू द्या. नुसती फी म्हंजे खर्च नै. ह्या तीन वर्षांत ती दुसरं काय शिकली असती, तो खर्च. तो तलकाडच्या देवळासारखा वाळूखाली असतो, दिसत नै. एक ओळ छापा म्हंजे दिसेल."

ओळ मी वर पाठवली. माहितीपत्रक छापून आलं, ओळ नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवली. ओळ नव्हती. कुणी नाही म्हणत नव्हतं. "बघू," म्हणायचे. सरांना पालकांच्या दिवसाची कॉफी मात्र बंद झाली.

नागरत्ना तिसऱ्या वर्षाला गेली. तिचा हात चांगला होता, सरांनाच नव्हे, सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तिने सरांच्या उजव्या कुशीवर प्रोब, मशीनचा हातात धरायचा भाग, ठेवला आणि तिचा हात थांबला. मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला एक गोलसर, खडबडीत काहीतरी दिसत होतं. हेच मूत्रपिंड तिने आदल्या वर्षी पाहिलं होतं, गुळगुळीत. ती विभागप्रमुखांना बोलवायला गेली. ते शेजारच्या खोलीत फायलींवर सह्या करत होते. आले, दारातूनच पडद्याकडे पाहिलं आणि तिला बाहेर घेऊन गेले.

हे पुढचं मला तिने नंतर सांगितलं. "सरावाचं स्कॅन म्हणजे स्कॅन नव्हे," ते म्हणाले. "त्याचा रिपोर्ट नसतो. तू डॉक्टर आहेस का? कुणाला काय दिसलं म्हणून सांगत सुटलीस तर उद्या चौकशी येईल, कागद नसताना या माणसाला दर शनिवारी मशीनवर का झोपवता म्हणून. इंटर्नशिप हवी आहे ना?"

ती परत आत आली. तिसऱ्या वर्षाचे बाकीचे रांगेत उभेच होते. तिने प्रोब पुढच्या मुलाच्या हातात दिला. त्याला काही वेगळं दिसलं नाही. तो पित्ताशय शोधत होता.

संध्याकाळी बसस्टॉपवर तिने सरांना गाठलं. तीन वर्षं ज्यांनी 'नाव सांगायचं नाही' हे शिकवलं, त्यांनाच सांगायचं होतं. तिने नाव घेतलं नाही. "सर, एकदा मोठ्या हॉस्पिटलात पोट दाखवून घ्या," एवढंच म्हणाली.

सर हसले. "अय्यो पोरी, दर शनिवारी दाखवतोय की! अख्ख्या मैसुरात माझ्याएवढं पोट कुणी दाखवलं नसेल. काही असतं तर डॉक्टर सुम्मने, उगीच बसले असते का?"

आणि बस आली.

मला हे वाक्य पचत नाही. ओढणीपासून माहितीपत्रकापर्यंत सगळ्याला ओला रुमाल लावणारा माणूस. त्यांना वाटलं, इतक्या डोळ्यांखालून आपण दर आठवड्याला जातो, शेजारच्या खोलीत डॉक्टर असतो, म्हणजे आपली तपासणी होतेच आहे. वर्षानुवर्षं शहरात सगळ्यात जास्त वेळा मशीनखाली झोपलेल्या त्या माणसाच्या नावे आमच्या लॅबचा एकही रिपोर्ट नव्हता. आजही नाही.

फेब्रुवारीत सरांच्या लघवीतून रक्त गेलं. तोवर मूत्रपिंडातलं दुखणं फुप्फुसात पोचलं होतं.

नागरत्नाला हे कळलं तेव्हा तिची तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप चालू होती. ती माझ्याकडे आली आणि सगळं बोलली. मी विभागप्रमुखांकडे गेले आणि लेखी विचारणा केली. उत्तर तोंडी आलं: "असं काही झाल्याची नोंद नाही." हे खरंच होतं. नोंद करायचीच नव्हती, हाच तर नियम होता.

मी तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. दुपारची वेळ, भेटायचा तास. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, जवळ येईना. सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"दिसलं होतं तुला?"

"हो सर."

"कुठे?"

"उजवीकडे. वरच्या टोकाला."

"केवढं?"

तिने मोजलं होतं. सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते, एखाद्या मुलाने पाढा बरोबर म्हटल्यासारखे.

"बरोबर मोजलीस," ते म्हणाले. "इथल्या डॉक्टरांनी त्या वेळचा जो अंदाज सांगटला, तेवढंच." मग माझ्याकडे वळले. आवाज बसला होता. "पुण्याच्या बाई, हिला बघता येतं. हिला बोलता येत नै. पदवीत आपण हेच विकतो. त्यात माझाही तास है." आणि थोड्या वेळाने, "ती ओळ."

"यंदा छापते, सर."

त्यांनी खिशाकडे हात नेला. हॉस्पिटलच्या सदऱ्याला खिसा नव्हता.

आम्ही निघत होतो, तेवढ्यात एक तरुण नर्स ट्रॉली ढकलत आत आली. सरांनी तिच्याकडे न बघता सदऱ्याच्या नाड्या सोडल्या, पोट उघडं केलं, उजवा हात डोक्यामागे घेतला आणि श्वास धरला.

"अजून काही खाल्लं नै," ते म्हणाले.

नर्स सलाइनची बाटली बदलायला आली होती. तिने आमच्याकडे पाहिलं. तो शनिवार होता. सदरा मी खाली ओढला, नाड्या नागरत्नाने बांधल्या. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

शोकसभेत विभागप्रमुखांनंतर कुणी बोलेना. तुळसाक्काला विचारलं तर ती आधी नको म्हणाली. मग बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमी सगळे म्हणतां, भक्त माणूस, शनिवारचा उपास धरायचा. आमच्या घरात शनिवार कुणी धरत नै. तो तर देवळाची पायरी चढायचा नै. हितं यायला लागला तवापासून शनिवारी सकाळी काही खायचा नै. मी पुसली, का रे? तर म्हणाला, अक्का, पोरांना दिसायला पायजे."

दुसऱ्या वर्षाच्या मुली रडायला लागल्या. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि ठराव वाचला: एक – दोन मिनिटं मौन; दोन – लॅबमध्ये फोटो; तीन – उत्कृष्ट विद्यार्थ्याला राव सरांच्या नावाने पदक. आणखी काही सूचना?

"चार," मी म्हटलं. "माहितीपत्रकातली ओळ."

"मॅडम, हा प्रसंग आहे का?"

"ठरावात लिहा."

"बघू," ते म्हणाले. मौन झालं. वरून माइकचा आवाज येत होता, 'उज्ज्वल भविष्य' एवढं खालपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

बाहेर जिन्याखाली नागरत्ना बसली होती. ती आता एका तपासणी केंद्रात काम करते. हात तिचे, सही दुसऱ्याची. तुळसाक्काने तिच्याजवळ जाऊन पदरातून रुमाल काढून दिला, पांढरा, धुतलेला, टोकाला पुसट गुलाबी डाग राहिलेला. तुळसाक्काला घरी जायला रिक्षा हवी होती, ती मी बघून दिली.

झालेली कामं: फोटोला फ्रेम. तुळसाक्काला घरी पोचवणं. वेळापत्रकातून सरांचा पेपर काढून नव्या माणसाला देणं. शनिवार सकाळच्या रकान्यात 'मॉडेल: राव सर' असं होतं, ते खोडलं, तिथे सध्या काही नाही, मुलं पुन्हा इडली खाऊन येतात.

माहितीपत्रकाचं कच्चं मुद्रित टेबलावर आहे. पहिल्या पानावर पाण्यासारखं निळं चित्र, मशीनजवळ हसणारी मुलगी, खाली रिकामी जागा. ओळ मी पुन्हा हाताने लिहून वर पाठवली. काल परत आलं. बाकीच्या सगळ्या दुरुस्त्यांवर बरोबरची खूण आहे. ओळीवर नाही म्हणून खूण नाही, हो म्हणूनही नाही. छापखान्याचा माणूस सोमवारी न्यायला येणार आहे. ओळ अजून छापायची आहे.